कतार: वाळवंटापेक्षा समुद्राचा देश

वाळूतल्या_रेघा (धागालेखक)

दोह्याला नोकरी लागली की नातेवाइकांचे दोन प्रश्न ठरलेले. वाळवंटात राहणार कसे, आणि पगार किती? दुसऱ्याचं उत्तर इथे मिळणार नाही. पहिल्याबद्दल मात्र बरंच लिहायचं आहे. माझं म्हणणं असं की कतार समजून घ्यायचा तर वाळवंट जरा बाजूला सारून समुद्रापासून सुरुवात करावी लागते. उकाडा, पिण्याचं पाणी, मोती, तेल, वायू आणि इथल्या राज्यकर्त्यांना वाटणारी धास्ती, सगळ्याच्या मुळाशी ते उथळ आखात आहे.

आधी नकाशा. अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावरून अंगठ्यासारखा उत्तरेकडे पाण्यात घुसलेला भाग म्हणजे कतार. लांबी साधारण १६० किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त ८०-९०. क्षेत्रफळ साडेअकरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून कमी. जमिनीवरची हद्द एकट्या सौदी अरेबियाशी, तीही शंभर किलोमीटरच्या आतली. सगळ्यात उंच जागा १०३ मीटर. नदी नाही, ओढा नाही. पावसाची वार्षिक सरासरी ८० मिलिमीटरच्या आगेमागे. जुलैत कोकणात तेवढा एका दुपारीत पडून जातो.

आणि वाळू? सिनेमातल्या टेकड्या शोधायला निघालात तर बराच वेळ निराशा होईल. द्वीपकल्पाचा बहुतेक भाग सपाट, खडीने भरलेला, मळकट पांढऱ्या चुनखडीचा. वाळूच्या खऱ्या टेकड्या पूर्व किनाऱ्यावरच्या मसईदच्या दक्षिणेला सुरू होतात आणि खोर अल-अदैदपर्यंत (सौदी हद्दीजवळ वाळूत शिरलेली समुद्राची खाडी) जातात. त्या टेकड्या चालत असतात. वायव्येकडून येणारा शमाल वारा त्यांना आग्नेयेकडे ढकलतो आणि शेवटी समुद्रात लोटतो. पूर्वी मागून नवी वाळू यायची. हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती तेव्हा हे आखात म्हणजे कोरडं मैदान होतं आणि वाळूला वाट मोकळी होती. पाणी चढलं, वाट बुडाली, पुरवठा थांबला. त्यामुळे कतारच्या टेकड्यांचा साठा आता फक्त खर्ची पडतोय, जमा काही होत नाही.

त्याच बुडालेल्या मैदानामुळे आखात इतकं उथळ आहे. सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर. बाहेर पडायला एकच तोंड, होर्मुझची सामुद्रधुनी. वरून ऊन, नद्यांचं पाणी थोडं, बाष्पीभवन अफाट. म्हणून पाणी खारट आणि उन्हाळ्यात कोमट. ऑगस्टमध्ये पृष्ठभागाचं तापमान ३४-३५ अंशांवर जातं. पश्चिमेला सल्वाच्या आखातात, जिथे पाणी फारसं खेळतच नाही, क्षारता नेहमीच्या समुद्राच्या दीडपटीच्या वर असते.

दोह्याचा उन्हाळा दोन तऱ्हांचा असतो. जून-जुलैत शमाल सुटला की हवा कोरडी, धुळीने पिवळी, पारा ४५ च्या वर. (दोह्याचा विक्रम जुलै २०१० चा, ५०.४.) नाकात धूळ जाते, पण घाम तरी वाळतो. ऑगस्टमध्ये वारा पडला किंवा आग्नेयेकडून यायला लागला की आखाताची वाफ थेट शहरात. गाडीतून उतरलात की चष्म्यावर धुकं, आणि पुसलं की परत धुकं. तापमान दहा अंशांनी कमी असूनही हा दुसरा उन्हाळा जास्त वाईट. इथे राहिलेल्या कुणालाही विचारा.

तेल-वायूबद्दल मुद्दामच थोडक्यात लिहितोय, इथे माझ्याहून जाणकार मंडळी आहेत. प्रतिसादांत येऊ द्या.

---

चिंचोका

मस्त धागा, वाचनखूण साठवली. एक शंका. दमट तर मुंबईही असते, मे महिन्यात लोकल पकडून दाखवा! मग दोह्याचं एवढं काय कौतुक?

---

वाळूतल्या_रेघा

@चिंचोका, मे महिन्यातल्या मुंबईत पारा ३४-३५ च्या घरात असतो आणि संध्याकाळी खारा वारा येतो. इथे ऑगस्टच्या रात्री दहा वाजताही ३५-३६ असतात आणि हवा जवळपास ओली. नुसतं तापमान बघून अंदाज येत नाही, दवबिंदू बघावा लागतो, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते. तो जितका वर, तितकी हवा ओली. मुंबईत तो २६-२७ ला गेला की आपण हाशहुश करतो. इथे तिशीच्या आसपास जातो. याच किनाऱ्यावर, कतारपासून जवळच सौदीतल्या धहरानला जुलै २००३ मध्ये ३५ अंशांचा दवबिंदू नोंदला गेला. त्वचेचं तापमान साधारण तेवढंच असतं. म्हणजे घाम येतो, पण वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही.

---

भूगर्भ_निवृत्त

लेख चांगला आहे, पण समुद्राला सगळंच श्रेय देऊ नका. आमच्या खडकांनाही थोडं द्या. (मी आयुष्य मुंबई हायच्या चुनखडीत घालवलं, म्हणून थोडा पक्षपात गृहीत धरा.)

कतार पाण्याच्या वर का आहे? खाली एक रुंद, सौम्य कमान आहे म्हणून. उत्तर-दक्षिण पसरलेली ही कमान द्वीपकल्पापुरती थांबत नाही, ती उत्तरेला समुद्राखालून इराणच्या दिशेने जाते. हलका वायू वर सरकत सरकत अशा कमानीच्या माथ्याशी साचतो. तिथला वायूचा साठा म्हणजे नॉर्थ फील्ड, आणि त्याचाच इराणच्या हद्दीतला भाग म्हणजे साउथ पार्स. दोन्ही मिळून क्षेत्र ९,७०० चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यातलं सुमारे ६,००० कतारकडे. हे जगातलं सगळ्यात मोठं वायुक्षेत्र आहे. वायू ज्या खडकात आहे त्याला खुफ म्हणतात. तो पर्मियन-ट्रायासिक काळातला, जवळपास तीन किलोमीटर खोल. वायू तयार झाला त्याहूनही जुन्या, सिल्युरियन काळातल्या काळ्या शेलमध्ये, म्हणजे चिखल दबून झालेल्या खडकात. इतक्या खोल, इतकी वर्षं शिजल्यावर हाती वायूच लागतो.

तेलाची गोष्ट वेगळी. पश्चिम किनाऱ्यावर दुखानची लांबलचक अरुंद घडी आहे. तिथलं तेल जुरासिक चुनखडीत अडकलंय आणि त्यावर अ‍ॅनहायड्राइटचं, म्हणजे समुद्राच्या क्षारांपासून बनलेल्या खडकाचं, झाकण घट्ट बसलंय. उथळ समुद्र आटायचा, क्षार साठायचे, पुन्हा पाणी यायचं. असं चक्र तेव्हा बऱ्याचदा झालं. तेव्हा समुद्राचं श्रेय देताय तर त्या जुन्या समुद्रालाही द्या, आताच्या आखाताने फक्त त्याच्यावर पाणी पसरलंय.

---

वाळूतल्या_रेघा

भूगर्भकाका, जुना समुद्र मान्य. पण दुखानच्या बाबतीत नव्या समुद्राने आपला हिसका दाखवलाच. १९३५ मध्ये करार झाला, १९३८ मध्ये पहिली विहीर सुरू झाली, तेल लागलं. मग महायुद्ध आलं आणि १९४२ मध्ये विहिरी चक्क बुजवल्या. निर्यात सुरू झाली थेट डिसेंबर १९४९ मध्ये. आणि तेल सापडलं पश्चिम किनाऱ्यावर, पण बोटी भरल्या पूर्वेला उम्म सईदला (आताचं मसईद), कारण पश्चिमेचा समुद्र इतका उथळ की मोठं टँकर जवळ येऊच शकत नाही. मग आख्खं द्वीपकल्प ओलांडून नळ टाकला.

---

भूगर्भ_निवृत्त

हा मुद्दा तुमचा. आणखी एक देतो. नॉर्थ फील्ड सापडलं १९७१ मध्ये, कतार स्वतंत्र झाला त्याच वर्षी. पण तेव्हा कुणी पेढे वाटले नाहीत. शेल कंपनी तेल शोधत होती आणि सापडला वायू. वायू पिंपात भरून विकता येत नाही. गिऱ्हाईक लांब, मध्ये समुद्र. उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचं आकारमान सुमारे ६०० पटींनी घटतं आणि तो जहाजात भरता येतो, पण त्या कारखान्याला लागणारा पैसा आणि वीस-पंचवीस वर्षांचा करार करणारा ग्राहक जमेपर्यंत पंचवीस वर्षं गेली. पहिलं जहाज जपानला गेलं ते १९९६ च्या अखेरीस.

यातलं फारसं कुणाला ठाऊक नसलेलं म्हणजे हेलियम. नॉर्थ फील्डच्या वायूत त्याचं प्रमाण जेमतेम ०.०४ टक्के. एवढ्यासाठी कुणी विहीर खणणार नाही. पण वायू गोठवून द्रव केला की हेलियम मात्र वायूच राहतो, आपसूक मागे उरतो. तोच गोळा करून कतार जगातल्या हेलियमचा साधारण तिसरा हिस्सा पुरवू लागला. तुमच्या शहरातल्या एमआरआय यंत्रात तो असण्याची शक्यता बरीच आहे.

---

खोरवाली

आम्ही अल खोरला राहतो, नवरा रास लफानला (वायू द्रव करून जहाजात भरतात ते बंदर) शिफ्टमध्ये. खडकांतलं मला कळत नाही, घरातलं सांगते.

उन्हाळ्यात इथे गार पाण्याच्या नळाला गरम पाणी येतं. टाकी गच्चीवर, तिच्यावर दिवसभर ऊन. मे उजाडला की आम्ही गिझर बंद करतो. मग गिझरच्या टाकीतलं पाणी घरातल्या एसीमुळे निवतं आणि गरम पाण्याच्या नळातून गार पाणी येतं. भारतातून आलेल्या पाहुण्यांना हे दरवेळी समजावून सांगावं लागतं. सासूबाईंचा तर अजून विश्वास बसलेला नाही.

आणि सगळा देश रखरखीत नाही हं. आमच्या शेजारी थखिराला खारफुटी आहे. आपल्या खाडीतली तिवरंच ती! भरतीला कयाक घेऊन आत जाता येतं, चिखलातून वर आलेली मुळं, खेकडे, पाण्यात उभे रोहित पक्षी. मी अलिबागजवळची. पहिल्यांदा गेले तेव्हा वासावरूनच ओळख पटली. फरक इतकाच की इथली झाडं बुटकी, आणि पानाला जीभ लावली तर मीठ.

मासळीचं म्हणाल तर हमूर इथला राजा, आपलं हेकरू. पण मी सुरमईच घेते, इथे किंगफिश म्हणून मिळते.

---

सिमेंट_काँक्रीट

साइटवरचा माणूस म्हणून माझे दोन शब्द.

वाळवंटी देशात खणलं तर काय लागेल? पाणी! दोह्यात तळघर खणायला घ्या, काही मीटरवर खारं पाणी. शहराखालची पाण्याची पातळी वर्षानुवर्षं चढत गेली. गळके नळ, बागांना घातलेलं पाणी, सांडपाणी, सगळं चुनखडीत मुरतं. म्हणून प्रत्येक मोठ्या खोदकामावर चोवीस तास डीवॉटरिंगचे, म्हणजे पाणी उपसणारे पंप. एक पंप बंद पडला की रात्री दोनला फोन.

दुसरं म्हणजे खडी. सगळा देश चुनखडीचा, पण चांगल्या काँक्रीटला इथला दगड कमी पडतो. मग गॅब्रो नावाचा काळा कठीण दगड ओमान आणि अमिरातीच्या डोंगरांतून जहाजाने यायचा. जून २०१७ मध्ये शेजाऱ्यांनी (सौदी, अमिराती, बहरीन) कतारची नाकेबंदी केली तेव्हा बातम्यांमध्ये दूध आणि कोंबड्या होत्या, आमच्या साइटवर मात्र चिंता गॅब्रोची होती. ओमानने दार उघडं ठेवलं म्हणून निभावलं. धागालेखकाचा मुद्दा इथे पटतो: एकच जमिनीची हद्द, ती बंद झाली की उरतो समुद्र.

आणि उन्हाबद्दल. २०२१ पासून नियम असा की १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद. शिवाय उष्णतेचा निर्देशांक (WBGT, यात तापमानासोबत दमटपणा, ऊन आणि वाराही धरतात) ३२.१ च्या वर गेला की कोणत्याही वेळी काम थांबवायचं. नियम चांगला आहे. पण मी ज्या कंत्राटदाराकडे सुरुवातीला होतो तिथे तेव्हाच्या नियमातले तास भरून काढायला पहाटे तीनला बस निघायची, आणि ऑगस्टच्या पहाटे दमटपणा सगळ्यात जास्त. सळईवर दव, हातमोजे ओले, माणसं सहा वाजताच गळालेली. घड्याळ बघून उष्णता ठरवली की असं होतं. खोलीत बसून तापमान वाचणाऱ्याला हे दिसत नाही.

---

शंकासुर

सगळं ठीक. पण शेवटी लॉटरीच ना ही? खाली वायू निघाला म्हणून गगनचुंबी इमारती. वायू संपला की परत मोती आणि उंट.

---

दापोलीचे_अण्णा

शंकासुरा, मोत्यांना कमी लेखू नका. त्या मोत्यांचा बाजार आपल्या मुंबईत होता! उन्हाळ्यात गलबतं मोत्यांच्या थरांवर जायची, सूरमारे नाकाला चिमटा लावून दिवसभर खाली-वर करायचे, आणि माल पुढे मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे. उत्तरेला अल झुबारा हे मोत्यांच्या व्यापारावर मोठं झालेलं अठराव्या शतकातलं शहर, आता ओसाड पण २०१३ पासून जागतिक वारसा. १९३० च्या आसपास जपानी कल्चर मोती आणि जागतिक मंदी एकदमच आले आणि धंदा बसला. तेल निर्यात होईपर्यंतची मधली वर्षं फार हलाखीची होती, बरेच लोक देश सोडून गेले.

आणि चलन कुठलं? आपला रुपया. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या, कारण नेहमीच्या नोटांवर सोन्याची तस्करी बेसुमार चालली होती. १९६६ मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं तेव्हा कतारने तो सोडला.

---

वाळूतल्या_रेघा

@शंकासुर, लॉटरी हे अर्धंच उत्तर. वायू खाली असणं नशीब. पण १९७१ ते १९९६ तो खालीच होता आणि कतार त्या जोरावर श्रीमंत झाला नव्हता. नशीब फळलं ते जहाजांमुळे. आणि २००५ मध्ये त्यांनी नॉर्थ फील्डवरचे नवे प्रकल्प थांबवले, किती उपसा सोसेल ते तपासायला. ती बंदी २०१७ पर्यंत होती. लॉटरी लागलेला माणूस इतका दम धरत नाही.

वायू संपण्याची काळजी नातवंडांना करू द्या. मला आजची दोन कारणं जास्त मोठी वाटतात. पहिलं, सगळी जहाजं होर्मुझमधून जातात, दुसरी वाटच नाही. सौदी आणि अमिरातीने तेलाचे नळ होर्मुझला वळसा घालून दुसऱ्या किनाऱ्याला नेले, कतारला तशी जागाच नाही. दुसरं, पिण्याचं पाणी. नळाला येणारं जवळजवळ सगळं त्याच आखातातून, क्षार काढून. उत्तरेला भूजल होतं. पाऊस पडला की खोलगट भागात साचून जिरायचा, अशा जागांना इथे रौदा म्हणतात, आणि कितीतरी गावांची नावं त्यावरून आहेत. शेतीसाठी ते इतकं उपसलं की विहिरी खारावल्या. म्हणजे तेलगळती झाली, किंवा २००८-०९ सारखी लाल शेवाळाची लाट आली (तेव्हा अमिराती आणि ओमानमधली काही संयंत्रं बंद ठेवावी लागली होती), की प्रश्न थेट स्वयंपाकघरात येतो. म्हणूनच इथे एवढ्या प्रचंड पाणीसाठवण टाक्या बांधल्यात.

गंमत बघा. नाकेबंदीच्या साडेतीन वर्षांत अमिरातीने विमानं रोखली, बोटी रोखल्या. पण समुद्राखालून अमिरातीला कतारचा वायू नेणारा डॉल्फिन नळ चालूच राहिला. दोघांनीही तोटी फिरवली नाही.

---

गॅसवाला_पुणे

आपला संबंध कुणीच लिहिला नाही म्हणून मी लिहितो. द्रवरूप वायू आयात करणाऱ्या आपल्या पेट्रोनेट कंपनीचा कतारशी करार १९९९ चा, वर्षाला ७५ लाख टनांचा. २००४ पासून 'दिशा' नावाचं जहाज रास लफान ते गुजरातमधलं दहेज बंदर अशा खेपा करू लागलं, मग 'राही' आणि 'असीम' आली. दहेजला द्रवाचा परत वायू होतो आणि नळाने उरणपर्यंत येतो. हा करार २०४८ पर्यंत वाढवण्यावर सह्या झाल्या फेब्रुवारी २०२४ मध्ये, गोव्यात.

दाभोळलाही टर्मिनल आहे. पण लाटा अडवणारा बांध अपुरा राहिल्याने पावसाळ्यात तिथे वर्षानुवर्षं जहाज लावता येत नसे. तिकडे आखाताच्या उथळपणाचं कौतुक चाललंय, इकडे आमचा पावसाळा!

---

अगस्ती_पाहणारा

हवामानावर थोडी भर. इथले जुने लोक उन्हाळ्याचा शेवट कॅलेंडरवरून ठरवत नाहीत. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे दक्षिण क्षितिजावर सुहैल दिसला की उतार सुरू. सुहैल म्हणजे आपला अगस्ती. आपल्याकडेही अगस्तीचा उदय झाला की पाऊस ओसरणार असं म्हणतात. दोन्हीकडे एकाच ताऱ्यावर भरवसा, तिकडे पाण्यासाठी, इकडे उन्हासाठी.

मग ऑक्टोबरच्या मध्यापासून वस्मी पावसाचे दिवस. हा पाऊस वेळेवर झाला तर हिवाळ्याअखेर वाळवंटात फगा उगवतात, जमिनीखालची अळिंबी. लोक सहकुटुंब शोधायला जातात आणि जागा सांगत नाहीत. पण पाऊस कसा पडेल याचा नेम नाही. २० ऑक्टोबर २०१८ ला दोह्यात वर्षभराचा पाऊस एका दिवसात कोसळला. बोगदे भरले, गाड्या तरंगल्या. सपाट शहर, पाणी जाणार कुठे?

---

खोरवाली

त्या दिवशी आमच्या शाळेला सुट्टी होती आणि मुलं गच्चीवर नाचत होती, ते आठवलं. अगस्तीकाका, फग्याची जागा खासगी निरोपात सांगा ना.

---

अगस्ती_पाहणारा

नाही सांगणार. आता मीही इथलाच झालोय.

---

चिंचोका

डिसेंबरमध्ये भावाकडे येतोय. खोर अल-अदैद बघायचंच ठरवलंय. स्वतःची गाडी घेऊन जाता येतं का? आणि ते देवमासे की काय, ते दिसतात का?

---

वाळूतल्या_रेघा

तुम्ही म्हणताय ते व्हेल शार्क, आपल्याकडचा बहिरी मासा. ते येतात मे ते सप्टेंबर, अल शाहीन तेलक्षेत्राच्या आसपास, किनाऱ्यापासून बऱ्याच दूर. तिथे फलाटांभोवती मासेमारीला बंदी, आणि ट्यूनाने घातलेली अंडी खायला ते जमतात. डिसेंबरमध्ये काही दिसायचे नाहीत.

अदैदला डांबरी रस्ता सीलाइनपाशी संपतो. पुढे फोर-व्हील ड्राइव्हच लागते. डांबर संपलं की टायरमधली हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवा, परत रस्त्याला लागताना भरा, तिथे हवा भरणारे बसलेले असतात. एकटी गाडी नेऊ नका, दोन तरी हव्यात. भरतीची वेळ बघून जा. पाण्याकडेची वाळू वरून घट्ट दिसते, पण खाली सबखा असते, म्हणजे खारट चिखल. चाक एकदा त्यात गेलं की फावड्याने काही होत नाही, दुसऱ्या गाडीनेच ओढावं लागतं. टेकडीच्या माथ्यावरून पलीकडे न बघता गाडी सोडू नका, वाऱ्याच्या आडची बाजू एकदम तुटलेली असते. भावाला माहीत असेल, तरी सांगून ठेवतो. आणि स्वेटर आणा, खरंच. डिसेंबरच्या रात्री तिथे चांगलंच गारठतं.